सर्व्हिस लिफ्ट

हाँगकाँगला जाऊन आलो म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "उतरला होतात कुठे?" मी म्हणतो, "नेथन रोडला. मॅन्शन्समध्ये." समोरचा गप्प होतो. मॅन्शन्स एवढा शब्द मराठी माणसाला पुरतो. त्याआधी 'चुंगकिंग' लागतं हे मी सांगत नाही. पेनिन्सुला हॉटेल तिथून चालत पाच मिनिटांवर आहे, हे मात्र आवर्जून सांगतो. ते 1928 सालचं, आणि त्याच्या हिरव्या रोल्स-रॉईस प्रसिद्ध आहेत. तिथे आम्ही फोटो काढला आणि झोपायला मॅन्शन्समध्ये परतलो.

चुंगकिंग मॅन्शन्स 1961 साली बांधलेली, सतरा मजल्यांची. खाली नुसता बाजार. पैसे बदलून देणारे, घाऊक मोबाइलवाले, सिमकार्डं, सामोसे. वर ए ते ई असे पाच ब्लॉक, आणि त्यांत बिऱ्हाडं, खानावळी, गोदामं नि गेस्ट हाउसं एकमेकांना खेटून. दारात पाय ठेवला की हाका सुरू. "भाई, रूम?" "सर, सूट?" "कॉपी वॉच?" आमची ही प्रत्येकाला थांबून सांगायची, "नको हो, घरी आहे."

आपल्याकडचे बिल्डर याला हल्ली 'मिक्स्ड यूज' म्हणतात, ब्रोशरवर कॉफी पिणारं जोडपं छापतात आणि त्याचे पैसे लावतात. गिरगावात खाली इस्त्रीवाला, पहिल्या मजल्यावर शिकवणी, दुसऱ्यावर आम्ही आणि तिसऱ्यावर खानावळ होती तेव्हा त्याला चाळ म्हणत. तिथून आम्ही सुटलो ते थेट टॉवरमध्ये. आणि मग पासपोर्ट काढून, विमानाचं तिकीट काढून पुन्हा चाळीत.

खोलीबद्दल तक्रार नाही. दार उघडताना पलंगाला लागायचं, म्हणून बॅगा पलंगावर ठेवायच्या आणि रात्री आपण झोपलो की त्या जमिनीवर. खिडकी होती. ती उघडली की समोर भिंत, एसीचे डबे आणि खाली कोणाची तरी एकच चप्पल. संडास, बेसिन आणि शॉवर एकाच चौकोनात, त्यामुळे कमोडवर बसल्या बसल्या आंघोळ होते आणि दातही घासता येतात. फक्त कागदाचा रोल आधी बाहेर काढावा लागतो. आम्हाला हे दुसऱ्या दिवशी कळलं. पहिल्या दिवसाचा रोल शेवटपर्यंत वाळत होता.

पण खरी मजा लिफ्टची. प्रत्येक ब्लॉकला दोनच, त्याही एवढ्याशा. एक सम मजल्यांची, एक विषम मजल्यांची. भेदभाव आहे, पण तेवढाच. आमचं गेस्ट हाउस अकराव्यावर, म्हणून आम्ही विषम रांगेत. लिफ्टच्या आतलं चित्र बाहेर पडद्यावर दिसतं, त्यामुळे आत कोण नाक खाजवतंय हे रांगेला कळत असतं.

एका संध्याकाळी आमच्या पुढे मोबाइलच्या खोक्यांवर चिकटपट्टी मारून उभा असलेला आफ्रिकी व्यापारी होता. मग दोन गोरी पोरं, पाठीवर घर घेऊन. एक चिनी आजी, हातात पालेभाजी. आणि खानावळीतला पोऱ्या, खांद्यावर मैद्याची गोणी. सगळे आत गेले, ही गेली, शेवटी मी पाय ठेवला आणि घंटा वाजली. वजन जास्त.

मी पोऱ्याकडे पाहिलं. कोणाला सांगायची गरज असते का? गोणीवाल्याने उतरायचं, हे मला जन्मतः ठाऊक होतं. पोऱ्याने माझ्याकडे पाहिलं. तो हलला नाही. घंटा वाजतच होती. शेवटी आजीने पालेभाजीची जुडी माझ्याकडे रोखली आणि दाराकडे वळवली. शेवटी चढला तो आधी उतरणार, एवढाच तिथला कायदा. मी उतरलो. दार मिटलं. पडद्यावर दिसलं की ही पोऱ्याला पर्समधून खोबऱ्याची वडी देत होती. मला पुढची लिफ्ट बऱ्याच वेळाने मिळाली.

गॉर्डन मॅथ्यूज नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने इथल्या गेस्ट हाउसांच्या नोंदवह्या चाळल्या आणि 129 देशांची माणसं मोजली. 2011 साली त्यांचं या इमारतीवरचं पुस्तक निघालं. त्यांनी एकदा आमच्या सोसायटीचं भाडेकरूंचं रजिस्टर पाहावं. त्यात दोनच देश आहेत, 'फॅमिली' आणि 'व्हेज'.

आमच्या टॉवरलाही लिफ्ट दोनच. एकीत आरसा आणि पंखा, दुसरीला आतून प्लायवूड ठोकलेलं. पहिलीच्या दाराशी कागद चिकटवलाय : 'घरकाम करणाऱ्या महिला, ड्रायव्हर, दूधवाले व डिलिव्हरी बॉय यांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी. आदेशावरून.' गेले पंधरा दिवस प्लायवूडवाली बंद आहे. चौदाव्या मजल्यावर पोळ्या करायला येणाऱ्या बाई जिन्याने चढतात. गुडघ्यांचं त्या काही बोलत नाहीत, पोळ्या मात्र उशिरा होतात. त्यावरून तक्रारी आल्या.

परवाच्या सर्वसाधारण सभेत तो विषय निघाला. मी चुंगकिंगची गोष्ट सांगितली. घंटा, आजी, पालेभाजी, सगळं साभिनय. सभासद पोट धरून हसले. "परदेशात असंच असतं, शिस्त!" असं एकजण म्हणालेसुद्धा. मग दुरुस्तीचा खर्च पुढच्या सभेवर ढकलला आणि तो कागद फार मळलाय, लॅमिनेट करून घ्यावा, असं एकमताने ठरलं.

खर्च ऐंशी रुपये आला. व्हाउचरवर सेक्रेटरी म्हणून सही माझीच आहे.