गोधडीखालची मोटार

कौली, ऑक्सफर्ड,
एप्रिल १९६३

तीर्थस्वरूप दादांचे सेवेशी, धाकट्या बंधूचे कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पावले. सुवर्ण-नियंत्रणाच्या नव्या हुकुमान्वये गेल्या जानेवारीपासून चौदा कॅरटांवरचा दागिना घडविण्यास मनाई झाली आहे, चौदा कॅरटांच्या धातूला सोने म्हणण्यास वहिनींचा साफ इन्कार आहे, आणि कापसाचे पैसे तर हाती येऊन पडले आहेत, सबब त्या पैशांची मोटार घ्यावी असा मनसुबा आपल्या वाड्यात चालला आहे, हे वाचून मी बराच वेळ स्तब्ध बसलो. अर्थमंत्री मोरारजीभाईंच्या फर्मानाचे पर्यवसान सोनपेठेत मोटार येण्यात होईल, ही कल्पना खुद्द मोरारजीभाईंनाही सुचली नसेल.

आपण लिहिता की, तू मोटारींच्याच गावात राहतोस, तेव्हा कोणती गाडी घ्यावी याचा निवाडा तूच करावास. दादा, गंगाखेडच्या प्रत्येक जात्यावर जनाबाईची ओवी उमटत नाही. तथापि आपली आज्ञा म्हणून, आणि या विषयात स्वानुभवाचे जे दुःखद भांडवल माझ्याजवळ जमले आहे ते कुणाच्या तरी उपयोगी पडावे म्हणून, हे लांबलचक पत्र लिहीत आहे.

प्रथम गावाविषयी. १८९३ साली याच भागात विल्यम मॉरिस नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने चार पौंडांच्या भांडवलावर सायकलदुरुस्तीचे दुकान काढले. सायकलींवरून तो मोटारसायकलींवर, तेथून मोटारींवर आला, १९१३ साली त्याने स्वतःची पहिली मोटार बाहेर काढली, आणि आज तो पंचाऐंशी वर्षांचा वृद्ध लॉर्ड नफील्ड म्हणून ओळखला जातो. त्याच्या कारखान्याच्या पाळ्या सुटल्या की आमच्या रस्त्यावर इतक्या सायकली लोटतात की, मोटारी करणारे लोक सायकलीवरून का हिंडतात हा प्रश्न मला पहिल्या आठवड्यातच पडला होता. त्याचे उत्तर मोटार घेतल्यावर मिळाले.

आपण जिच्यासाठी अर्ज करणार आहात ती ॲम्बॅसडर मूळची इथलीच, हे आपणांस ठाऊक नसेल. 'मॉरिस ऑक्सफर्ड'चा तिसरा अवतार १९५६ साली इथे निघाला. १९५९ साली इथल्या लोकांनी त्याची इतिश्री केली. तत्पूर्वीच तिचा सगळा सरंजाम कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला रवाना झाला होता. इथल्या शेजाऱ्यांना मी सांगितले की, तुमच्याकडून उतरलेल्या या गाडीसाठी आमच्याकडे लोक आगाऊ रक्कम भरून वर्षानुवर्षे वाट पाहतात, तर त्यांना ती माझी थट्टा वाटली. सासरी गेल्यावरच जिचे नशीब उघडावे अशी ही मुलगी!

इकडे मात्र वाट पाहण्याचा प्रश्नच नाही. उलट गाड्याच गिऱ्हाइकाची वाट पाहत उभ्या असतात. गेल्या नोव्हेंबरात मोटारींवरील खरेदीकर शेकडा पंचेचाळीसवरून पंचवीसवर आल्यापासून जो तो नव्या गाडीच्या गोष्टी करतो. चार वर्षांपूर्वी इसिगोनिस नामक अभियंत्याने 'मिनी' नावाची एक चिमुकली गाडी काढली. तिचे इंजिन सरळ न ठेवता आडवे बसविले, चाके दहा इंची केली, आणि त्या डबीत चार माणसे सुखाने बसविली. बुद्धीचा विलास म्हणून मी तिच्यापुढे हात जोडतो. पण आपल्या बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांत ती चाकांसकट नाहीशी होईल, आणि मग ती शोधण्यासाठी दवंडी पिटावी लागेल.

आमची गाडी नवी नव्हे. साठ पौंडांस घेतलेली १९४९ सालची ही वस्तू कोणत्या कंपनीची, हे विचारू नये. तिच्या नाकावरची नाममुद्रा आमच्याकडे येण्यापूर्वीच गळून पडली होती, आणि आता जे उरले आहे त्यावरून कोणत्याही कुळाची अब्रू काढणे मला प्रशस्त वाटत नाही. विकणाऱ्या गृहस्थाने शपथेवर सांगितले की, या गाडीने वाटेत आपणांस कधीही दगा दिला नाही. ते अक्षरशः खरे होते. ती त्याच्या अंगणातून बाहेरच पडली नव्हती.

तिचा पहिला दोष हाताचा. या वयाच्या गाड्यांना वळण्याचा इशारा देण्यासाठी दोन्ही बाजूंच्या खांबांत नारिंगी रंगाचा लहानसा हात असतो. कळ दाबली की तो वर्गातल्या हुशार मुलासारखा उठावा, अशी योजना. आमचा उजवा हात उठत नाही, आणि डावा उठला तर खाली येत नाही. पहिल्या रविवारी आम्ही डावीकडे वळण्याचे जाहीर आश्वासन देत सरळ पाच मैल गेलो, आणि मागच्या लोकांनी ते इंग्रजी सभ्यतेला अनुसरून, निमूटपणे, पाच मैल खरे मानले. आता खांबावर बाहेरून एक बुक्की मारली की तो मिटतो, हे ज्ञान झाले आहे. ती बुक्की मारण्याचे काम चिरंजीवांकडे आहे व ते ती आवश्यकतेहून अधिक निष्ठेने पार पाडतात.

दुसरा दोष पेट्रोलच्या पंपाचा. हा पंप विजेवर चालतो. गाडीची किल्ली फिरविली की तो टिकटिक करू लागतो, आणि पेट्रोल भरले की थांबतो. आतली विजेची टोके काजळली की मात्र तो सुरूच होत नाही, आणि अशा वेळी त्याला हलकासा ठोका देणे हाच सर्वमान्य उपचार आहे. पहिल्यांदा आम्ही असे अडलो तेव्हा जवळ हातोडी नव्हती, सौ.च्या पिशवीत, मैत्रिणीकडे पुरणपोळ्या करण्यास निघाली असल्यामुळे, लाटणे होते. भर चौकात, पाचवारी नेसलेली एक बाई मोटारीचे झाकण उघडून आत लाटणे चालवीत आहे, हे दृश्य पाहून एक पोलीस आदराने थांबला. टिकटिक सुरू झाली. तेव्हापासून लाटणे गाडीतच असते, आणि घरात पोळ्या दुधाच्या बाटलीने लाटल्या जातात.

तथापि गाडीची खरी कसोटी लागली ती या हिवाळ्यात. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, हिमवर्षाव सुरू झाला तो मार्च उजाडेपर्यंत जमिनीने तोंड दाखविले नाही. १७४० नंतर असा हिवाळा या देशाने पाहिला नाही असे इथले जाणते सांगतात. जानेवारीत इथे ऑक्सफर्डपाशी गोठलेल्या थेम्स नदीवरून एकाने मोटार हाकून नेली. आपल्याकडे वैशाखात वाण नदीच्या कोरड्या पात्रातून गाडीबैल नेतात तसेच समजा, फरक इतकाच की इथे पाणी खाली जागच्या जागी होते. लोक नदीवर मोटारी चालवीत असताना आमची मात्र रस्त्यावरही चालत नव्हती. थंडीत इंजिनातले तेल राबासारखे घट्ट होते, बॅटरीचा जोर निम्म्यावर येतो, आणि इंजिनातल्या पाण्यात गोठण-प्रतिबंधक द्रव घातला नसेल तर त्याचे बर्फ होऊन फुगते आणि बिडाचे इंजिन मडक्यासारखे तडकते. तेव्हा आम्ही तिची सर्व व्यवस्था आपल्याकडील बाळंतिणीसारखी ठेवली. रात्री बॅटरी काढून घरात शेगडीशेजारी; गाडीखाली तेलाच्या भांड्याशी मिणमिणता रॉकेलचा दिवा; आणि पुढच्या झाकणावर, वारा लागू नये म्हणून, आईने जुन्या लुगड्यांची शिवून दिलेली गोधडी. शेजारची म्हातारी रोज सकाळी खिडकीतून विचारी, 'आज कशी आहे?' आणि तो प्रश्न सौ.विषयी आहे की गाडीविषयी, हे मला शेवटपर्यंत उलगडले नाही.

सकाळी हँडल मारून ती सुरू करणे हा स्वतंत्र विद्येचा भाग आहे. आपण ते शिकणार असाल तर एवढे ध्यानात ठेवावे की, अंगठा बोटांच्याच बाजूला असावा, मुठीत आवळून धरू नये, आणि हँडल खालून वर ओढावे, वरून खाली दाबू नये. कारण ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलटे फिरते आणि अंगठा घेऊन जाते. हे मला आधी कोणी सांगितले असते तर मागील दोन पत्रे डाव्या हाताने लिहावी लागली नसती.

आता सरकारी तपासणीची हकीकत. जुन्या मोटारींनी रस्त्यावर माणसे मारू नयेत म्हणून १९६० पासून इथे वार्षिक परीक्षेचा कायदा झाला. आरंभी दहा वर्षांवरील गाड्यांनाच तो लागू होता, पण नापास होणाऱ्यांची संख्या पाहून पुढच्याच वर्षी मर्यादा सात वर्षांवर आणली. आमची चौदा वर्षांची. परीक्षकाने तिची कैफियत अशा गंभीर मुद्रेने लिहून घेतली की मला निजामी अमदानीतल्या तहसीलच्या पेशकाराची आठवण झाली. ब्रेक डावीकडे अधिक धरतात. चक्र दोन बोटे फिरल्यावर मग चाकांना खबर पोहोचते. दिव्यांपैकी एक रस्त्याकडे व दुसरा झाडावरच्या पाखरांकडे पाहतो. हे सर्व मान्य करून मी, प्रामाणिकपणाच्या भरात, मागच्या बैठकीखालचे भोक दाखविले, ज्यातून हाताएवढा रस्ता स्वच्छ दिसतो. रस्त्यावर बर्फ वितळविण्यासाठी टाकतात त्या मिठाने खालचा पत्रा खाल्ला होता. परीक्षक वाकला, त्याने त्या भोकातून माझे बूट पाहिले, आणि शांतपणे म्हणाला की, कायद्याने तपासायचे ते ब्रेक, दिवे आणि सुकाणू. जमिनीचा प्रश्न आपल्या अखत्यारीत येत नाही. ब्रेक, दिवे व सुकाणू दुरुस्त होऊन दाखला मिळाला. भोकावर सौ.ने पोळपाट ठेवला आहे. लाटण्याची आणि त्याची अशी पुनर्भेट झाली.

असो. मुख्य मुद्द्यावर येतो. आपण विचारता, गाडी कोणती घ्यावी. माझ्या मते हा प्रश्नच उफराटा आहे. या चौदा महिन्यांत मला जे कळले ते गाडीकडून नव्हे, कोपऱ्यावरच्या एका वृद्ध मिस्त्रीकडून. हा मनुष्य गाडीला हात लावण्यापूर्वी दोनच गोष्टी विचारतो : पेट्रोल येते का, आणि ठिणगी पडते का. या दोहोंपैकी जे नाही त्याच्या मागे तो उगमापर्यंत चालत जातो. मागून निळा धूर आला तर इंजिन तेल जाळते आहे, काळा आला तर पेट्रोल अधिक जाते आहे, गाडी तापल्यावरही पांढरा येतच राहिला तर पाणी आत शिरले आहे, हे त्याने मला चुलीचा धूर ओळखण्याइतके सोपे करून सांगितले. जुनी गाडी पाहताना इंजिन थंड असताना पाण्याचे झाकण उघडून तवंग पाहावा. गाडीचा एकेक कोपरा जोराने दाबून सोडावा, तो एकदा वर येऊन थांबला पाहिजे, झोपाळ्यासारखा हेलकावत राहू नये. आणि टायर एका बाजूने झिजला असेल तर विकणाऱ्याच्या तोंडाकडे न पाहता पुढच्या चाकांकडे पाहावे. तो मिस्त्री सायकलीच्या अंतरावर आहे म्हणून माझी साठ पौंडांची गाडी चालते. तो नसता तर नवी कोरी रोल्सही माझ्या दारात गोधडीखालीच राहिली असती.

म्हणून आपल्याकडच्या तीन गाड्यांविषयी माझे मत याच कसोटीवर घ्यावे. मद्रासकडची हेरल्ड दिसावयास सुरेख, तिचे पुढचे सबंध नाक एका झटक्यात पुढे उलटते आणि इंजिन ताटात वाढल्यासारखे दिसते. पण तिला दारे दोनच, आणि मागे जाण्यासाठी पुढची बैठक दुमडावी लागते. आई त्या फटीतून आत जाईल, परंतु बाहेर येईल याची हमी मी घेऊ शकत नाही. कुर्ल्याची फियाट चपळ, पेट्रोल बेताने पिणारी, पक्क्या सडकेची राणी. ॲम्बॅसडर जड, सुस्त, पण प्रशस्त. पुढे तिघे, मागे चौघे, आणि मागच्या कोठारात परळीच्या बाजाराचा सबंध आठवडा. माझा कल तिच्याकडेच झुकतो, आणि तो ती इथली माहेरवाशीण आहे म्हणून नव्हे; तिच्यातले जे मोडेल ते हातोडी, पाना आणि थोडी शिवीगाळ यांनी दुरुस्त होते, आणि ही तिन्ही साधने परळीत मुबलक आहेत. तरीही रक्कम भरण्यापूर्वी परळीस जाऊन, स्टेशनाजवळच्या दोन-तीन मिस्त्रींना विचारावे की, तुमच्या फळीवर कोणत्या गाडीचे सुटे भाग पडलेले आहेत. ज्या गाडीचे नाव अधिक जण घेतील ती घ्यावी. त्यांनी एकमुखाने जीपचे नाव घेतले, तर वहिनींची समजूत घालून जीप घ्यावी.

एक गोष्ट मात्र कळकळीने लिहितो. आपल्या पत्रात ओझरता उल्लेख आहे की, रक्कम कमी पडल्यास खिलारी जोडी विकावी. हे कृपा करून करू नये. मृगाचा पाऊस पडला आणि काळी माती चाकांना लपेटली की, ॲम्बॅसडर असो, फियाट असो वा खुद्द लॉर्ड नफील्डची स्वतःची गाडी असो, वाणेच्या काठापासून वाड्यापर्यंत तिला ओढून आणण्यासाठी तीच जोडी लागणार आहे. बैलगाडीच्या आसाला नव्याने वंगण घालून, दोर तयार ठेवून, मगच मोटारीचा अर्ज करावा.

आईस साष्टांग नमस्कार, वहिनींस नमस्कार, मुलांस अनेक आशीर्वाद. येणाऱ्या कुणाबरोबर थोडे येसर आणि एक शिसवी लाटणे पाठवावे. लोभ असावा ही विनंती.

आपला,
धाकटा

ता. क. — हे पत्र आईस वाचून दाखविताना गोधडीचा मजकूर तेवढा गाळावा.