सकुटुंब दुर्गदर्शनाचे विधिनिषेध: नॉइश्वानस्टाइन प्रकरण

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी दांपत्याकडे मायदेशाहून आईवडील, म्हणजे नातवाचे आजी-आजोबा, आले की त्यांना नॉइश्वानस्टाइनचा किल्ला दाखवणे हे गृहस्थधर्माचे अनिवार्य अंग मानले जाते. हा विधी निर्विघ्न पार पडावा, यासाठी पुढील नियम क्रमाने पाळावेत.

१. सदस्यनिश्चिती. म्यूनिकहून फ्युसेनपर्यंतच्या सुमारे दोन तासांच्या प्रवासासाठी ‘बायर्न तिकीट’, म्हणजे जास्तीत जास्त ५ जणांना दिवसभर प्रांतातल्या स्थानिक गाड्यांतून एकत्र फिरू देणारे तिकीट, काढावे. पती, पत्नी आणि दोन्हीकडचे आईवडील मिळून ६ होत असल्याने या तिकिटावर दोन्ही व्याही एका वेळी मावत नाहीत. ही सोय अनेक घरांना उपकारक ठरलेली असल्यामुळे सहावे तिकीट काढण्याची घाई करू नये. कामाच्या दिवशी हे तिकीट सकाळी ९ नंतरच चालते, हे आजोबांना आदल्या रात्री सांगावे, अन्यथा ते पहाटे साडेपाचला अंघोळ उरकून, बूट घालून सोफ्यावर बसतात.

२. शिदोरी. दशमी, म्हणजे पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून केलेली आणि म्हणूनच प्रवासात टिकणारी भाकरी, आजीने आदल्या रात्रीच केलेली असते. किल्ल्यात मोठ्या पिशव्या नेता येत नाहीत आणि तिकिटावर छापलेली प्रवेशाची वेळ चुकल्यास तिकीट वाया जाते, तेव्हा दशम्या आधी संपवाव्यात की वेळ आधी गाठावी, याचा निर्णय पायथ्याच्या होहेनश्वांगाऊ गावात उतरतानाच झालेला असावा.

३. आरोहण. गावातून वर जाण्यास पायवाट, घोडागाडी आणि बस असे तीन मार्ग असून कुटुंबात प्रत्येकाचा पक्ष एकेका मार्गाला मिळतो. चढणीला अर्धा-पाऊण तास लागतो. घोडागाडी दारापर्यंत न जाता अलीकडेच उतरवते. बस मात्र किल्ल्याच्याही वर, राजमाता मारी हिच्या नावाच्या पुलाजवळ सोडते. आत छायाचित्रणास बंदी असल्याने कुटुंबाचे सामूहिक छायाचित्र खोल दरीवरच्या या पुलावरच काढावे लागते, आणि तिथे आजी कठड्यापासून दूर राहत असल्याने ते बहुधा तिच्याविना निघते.

४. तुलनाविवेक. मराठी मनुष्याची दुर्गदृष्टी इयत्ता चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात घडलेली असते, त्यामुळे तटबंदी, चोरदिंडी, पाण्याची टाकी आणि गोमुखी दरवाजा, म्हणजे दोन बुरुजांच्या कवेत दडवलेले, शत्रूला समोरून न दिसणारे प्रवेशद्वार, यांची चौकशी आजोबा करणारच. नॉइश्वानस्टाइनला शत्रूच अपेक्षित नव्हता, हे त्यांना हळूहळू सांगावे. त्याची पायाभरणी १८६९ साली, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाल्यानंतर १६ वर्षांनी झाली. त्याची प्रारंभीची चित्रे क्रिस्टियान यांक या नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या चित्रकाराने काढली. आणि तो बांधणाऱ्या दुसऱ्या लुडविग राजाचे राज्य १८७१मध्ये जर्मन साम्राज्यात सामील झाल्याने त्याच्या हाती मर्यादितच सत्ता उरली होती. हे ऐकून आजोबा ‘मग हा किल्ला नव्हेच’ असा निष्कर्ष काढतात. तो खोडू नये, कारण तो बरोबर आहे.

५. अंतर्दर्शन. सुमारे अर्ध्या तासाच्या फेरीत तीनशेहून अधिक पायऱ्या चढाव्या-उतराव्या लागतात. सिंहासनाच्या भव्य दालनात सिंहासन नाही, कारण ते बसवण्यापूर्वीच, जून १८८६मध्ये, राजा पदच्युत झाला आणि काही दिवसांतच सरोवरात मृतावस्थेत सापडला. एकांतासाठी उभारलेली ही वास्तू त्यानंतर अवघ्या सात आठवड्यांत तिकीट लावून लोकांना खुली करण्यात आली. आजीचे लक्ष मात्र मुदपाकखान्यासाठी राखून ठेवावे: चुलीवरच्या तापलेल्या हवेने आपोआप फिरणाऱ्या मांस भाजण्याच्या सळया आणि गरम पाण्याचे नळ पाहून, शाकाहाराचा प्रश्न बाजूला ठेवून, ती राजाला पूर्ण गुण देते.

६. समारोप. परतीच्या गाडीत तुलनेचा वाद पुन्हा उपस्थित होतो. जुलै २०२५मध्ये पॅरिस येथे भरलेल्या एकाच अधिवेशनात मराठ्यांचे १२ किल्ले आणि लुडविगचे ४ राजवाडे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाले, ही माहिती यजमान समेटाच्या हेतूने देतो, परंतु आजोबा तिचा अर्थ १२ विरुद्ध ४ असा लावतात. अशा वेळी त्या १२ पैकी प्रत्यक्ष किती पाहिले, हे सुनेने किंवा जावयाने मुळीच विचारू नये. हा प्रश्न नातवाकडून विचारून घ्यावा; म्हणजे पुढच्या सुट्टीत रायगड नक्की होतो आणि पायी जायचे की रोपवेने, एवढाच वाद शिल्लक राहतो.