पट्टीच्या पोहणाऱ्याची पंचाईत

स्कूबा डायव्हिंग म्हणजे हवेची टाकी पाठीला बांधून पाण्याखाली श्वास घेत हिंडणे. अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. पण वाटणीत त्याला समुद्राची एक वीतही आलेली नाही, आणि गोड्या पाण्यासाठीही पारनेर-पाथर्डीकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्यामुळे हौशी नगरकराला मालवणजवळचे तारकर्ली गाठावे लागते. खिसा साथ देत असेल तर अंदमानातले स्वराज द्वीप.

तिथे पोहोचणारे नवखे दोन प्रकारचे असतात. एक, पोहता न येणारा. दुसरा, विहिरीत तयार झालेला. प्रशिक्षकाला जास्त घाम फोडतो तो दुसरा. याने लहानपणी पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून हातपाय मारलेले असतात, पुढे थारोळ्यावरून मुटका मारून काठावरच्यांना आंघोळ घातलेली असते, आणि शेवटी पाच परस पाण्यात बुडी मारून तळाचा गाळ मुठीत आणून दाखवलेला असतो. गाळ हीच पदवी. कोणाची कळशी विहिरीत पडली की गावाला त्याचीच आठवण होते. ही सगळी कीर्ती एका गोष्टीवर उभी असते: दम धरणे.

आणि स्कूबाचा पहिला नियम असा की पाण्याखाली दम धरायचा नाही.

कारण दाबात आहे. दर १० मीटर खोलीला दाब एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे १० मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट. विहिरीत बुडी मारणारा हवा वरून भरून नेतो. ती खाली आकसते आणि वर येताना मूळ मापावर येते. स्कूबात मात्र रेग्युलेटर आसपासच्या पाण्याच्या दाबानेच हवा पुरवतो. कुस्तो आणि गान्यां या दोघा फ्रेंचांनी १९४३ साली हे यंत्र जमवले. त्यातून १० मीटरवर छातीभर श्वास घेऊन, तो रोखून वर आले तर हवा दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. ज्या दमावर पंचक्रोशीत नाव कमावले तोच इथे जिवावर उठतो. पोहता न येणारा भीतीने भराभर श्वास घेत राहतो. ते दिसायला केविलवाणे, पण नियमाला धरून.

पाठीवरच्या ओझ्याचीही तीच तऱ्हा. गावाकडे बुडू नये म्हणून डबा बांधतात. इथे बुडावे म्हणून कमरेला शिशाची वजने, आणि त्यासाठी पैसेही मोजायचे. कानांच्या बाबतीत मात्र विहिरीचे शिक्षण कामी येते, कारण खोल गेल्यावर दडे बसतात हे त्याला ठाऊक असते. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली, तीही दुखण्याआधी, दर मीटरला, की कान मोकळे होतात. पण दुखणे गुमान सोसण्यात मर्दुमकी मानणाऱ्याला हे बायकी वाटते. कानाच्या पडद्याला मर्दुमकी कळत नाही.

खाणाखुणांत खरी गंमत होते. रंगीत मासे पाहून खुशीत आलेला पाहुणा अंगठा उंचावून ‘एक नंबर!’ सांगतो. पाण्याखाली उंचावलेल्या अंगठ्याचा अर्थ ‘वर चला’ एवढाच. प्रशिक्षक आज्ञाधारकपणे त्याला वर आणतो आणि होडीत पैसे वसूल न झाल्याचे भांडण सुरू होते. माशांविषयी सांगायचे तर मुखवट्याच्या काचेतून पाण्यातली वस्तू एकतृतीयांशाने मोठी दिसते. तेव्हा घरी सांगितलेल्या लांबीतून चतुर्थांश वजा करावा. उरलेली अतिशयोक्ती सांगणाऱ्याची.

अनुभवी पाणबुड्या ओळखायचा तो त्याच्या आळसावरून. तो हात मारत नाही, प्रवाळाला शिवत नाही, श्वासावर तरंगतो. हिवरे बाजारच्या ग्रामस्थांनी पाण्याचा ताळेबंद मांडावा तसा तो हवेचा मांडतो: १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने सुमारे २,४०० लिटर हवा मावते, १० मीटरवर तिचा खप दुप्पट होतो, आणि ५० बार शिल्लक ठेवून वर यायचे असते. नवखा धापा टाकत तीच टाकी निम्म्या वेळात संपवतो.

परतीचा नियम नगरकराला विशेष जाचक. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो; घाईने उंचीवर गेल्यास त्याचे बुडबुडे होऊन सांधे धरतात, कधी त्याहून वाईटही होते. म्हणून विमानात बसण्याआधी एका बुडीनंतर किमान १२ तास, अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबतात. या शास्त्रात समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर सगळी उंचीच. नगर शहर साधारण ६५० मीटरवर आहे, म्हणजे घरी जाणे हीच चढाई. अकोले तालुक्यातले कळसूबाई १,६४६ मीटर. उथळ पाण्यात एकदाच डोकावलेल्याने याची फार चिंता करू नये. दिवसाला तीन-तीन खोल बुड्या मारणाऱ्याने मात्र घाटाची घाई करू नये; तेवढा जादा दिवस मालवणात सुरमईच्या ताटासमोर काढण्यास नियमाची हरकत नाही.