अ‍ॅम्पबुवा

इंग्लंडातल्या कुठल्याही गावात एक तरी अ‍ॅम्पबुवा असतोच. साठी उलटलेली, कंबर धरलेली, एका कानानं कमी ऐकू येतं आणि खिशात कायम पेनाएवढा टॉर्च. आयुष्यभर कौन्सिलात नाहीतर विमा कंपनीत नोकरी करून हा गृहस्थ निवृत्त झालेला असतो. त्याच्याकडे गिटार असते, पण तिची चौकशी केलीत तर ‘आहे एक’ म्हणून तो विषय मिटवतो. गिटारीचा आवाज मोठा करणारा जुना, ब्रिटिश, व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प हा त्याचा खरा संसार. बायकोमुलं हा जोडधंदा.

मी मिल्टन कीन्सला राहतो. इथल्या ब्लेचली भागात मार्शल या अ‍ॅम्प-कंपनीचा कारखाना असल्यामुळे आमच्याकडे या मंडळींचं पीक जरा जास्तच. आमचा अ‍ॅम्पबुवा दोन घरं सोडून राहतो.

अ‍ॅम्प दिसला की तुम्ही-आम्ही तो पुढून बघतो. बुवा सरळ मागे जातो. गुडघे वाजवत खाली बसतो, टॉर्च मारतो आणि आधी वास घेतो. धूळ, तापलेलं मेण, जुनं रेक्झिन असा तो वास असतो. तो पसंत पडला तर मान हलते. मग रुमालात धरून एक व्हॉल्व्ह हलकेच उपटून काढायचा, उजेडात फिरवायचा आणि काचेच्या तळाशी कोरलेली अक्षरं वाचायची. ‘बी, पाच, एच, तीन,’ असं तो पुटपुटतो. बी म्हणजे ब्लॅकबर्नचा मलर्ड कारखाना, पाच हे साल, एच म्हणजे ऑगस्ट आणि तीन म्हणजे त्यातला तिसरा आठवडा. पंचाईत एवढीच, की सालाचा आकडा एकच असतो. हे पाच १९५५चं की १९६५चं? इथून पुढचे दोन तास तुमचे नाहीत. मुलीनं लग्न ठरवलं तेव्हा या माणसानं जावयाचं आडनावसुद्धा विचारलं नव्हतं, असं त्याची बायको सांगते. अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर ड्रेकचा आहे, डॅग्नलचा आहे की रेडिओस्पेअर्सचा, हे मात्र कळल्याशिवाय त्याला घास जात नाही.

नवख्याची फजिती करायची असेल तर बुवाकडे एक हुकमी डाव आहे. ‘माझ्याकडे मार्शलचा १९५९ आहे,’ असं तो सहज बोलून जातो. आपण म्हणतो, ‘वा, म्हणजे पासष्ट वर्षांहून जुना!’ बुवाचे डोळे चमकतात. १९५९ हे साल नाहीच, तो कॅटलॉगमधला क्रमांक. १९५९मध्ये मार्शल कंपनीच नव्हती, जिम मार्शलचं दुकानसुद्धा १९६०चं. १९५९ नावाचा शंभर वॅटचा अ‍ॅम्प आला १९६५मध्ये. १९६० हे स्पीकरच्या पेटीचं नाव. १९६२ नावाचा अ‍ॅम्प १९६२नंतरचा. पन्नास वॅटच्या अ‍ॅम्पचं नाव १९८७ आणि तो साठच्या दशकातला. खुद्द १९८७ साली कंपनीनं रौप्यमहोत्सवी अ‍ॅम्प काढला, त्याचा क्रमांक २५५५. हे सगळं बुवा एका दमात म्हणतो. एवढी पाठांतराची शक्ती त्यानं बायकोच्या वाढदिवसाकडे वळवली असती तर घरात बरीच शांतता नांदली असती.

या अ‍ॅम्पांचा खरा इतिहास मात्र बुवाच्या भक्तीपेक्षा फार गमतीचा आहे. जिम मार्शल हा ढोलताशातला, म्हणजे ड्रमवाला माणूस. पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलला त्याचं ड्रमचं दुकान होतं. ड्रमवाल्यांबरोबर त्यांचे गिटारवाले मित्र यायचे. पीट टाउनझेंड, रिची ब्लॅकमोर अशी ही पोरं कुरकुर करायची, की अमेरिकन फेंडर अ‍ॅम्प परवडत नाही आणि इथला आमच्या मनासारखा वाजत नाही. जिमनं दुरुस्तीवाल्या केन ब्रॅनला कामाला लावलं. ब्रॅननं इएमआय कंपनीत उमेदवारी करणाऱ्या डडली क्रेव्हन नावाच्या पोराला हाताशी धरलं. दोघांनी फेंडरचा बासमन समोर ठेवला आणि जवळजवळ जसाच्या तसा उतरवला. हाच तो जेटीएम ४५. जे म्हणजे जिम, टी म्हणजे त्याचा मुलगा टेरी.

उतरवताना अमेरिकन भाग महाग पडायचे किंवा मिळायचेच नाहीत. मग जे इंग्लंडात हाताशी असेल ते बसवलं. व्हॉल्व्ह पुढे केटी ६६ आले, मग इएल ३४. स्पीकर सेलेस्टियनचे. एक स्पीकर फाटायचा, म्हणून चार घातले. पेटीचं माप कसं ठरलं? चार मावतील एवढी लहानात लहान पेटी. झालं शास्त्र! टाउनझेंडनं पुढे आठ स्पीकरची एकच पेटी मागितली, ती उचलताना हमालांच्या कमरा गेल्या, तेव्हा चार-चारच्या दोन पेट्या एकावर एक रचल्या. रंगमंचावर अभिमानानं उभी राहिलेली ती काळी भिंत हमालांच्या पाठदुखीतून आलेली आहे. बुवाला हे सगळं माहीत आहे. तरीही त्या पेटीच्या प्रत्येक इंचामागे कुणा द्रष्ट्याचं गणित आहे, असंच तो बोलतो.

नावांचंही तेच. १९८१मध्ये रोझ-मॉरिस या वितरकाशी असलेला करार संपला आणि नव्या मालिकेला नाव हवं होतं. जिमच्या गाडीच्या नंबरप्लेटवर जेसीएम ८०० होतं, जेम्स चार्ल्स मार्शलची आद्याक्षरं. तेच ठेवलं. जिमी हेंड्रिक्सचं पूर्ण नाव जेम्स मार्शल हेंड्रिक्स होतं हे सांगताना तर बुवाचा आवाज कीर्तनाच्या पट्टीत जातो.

व्हॉक्स या दुसऱ्या ब्रिटिश अ‍ॅम्पच्या भक्तांचा पंथ वेगळा. केंटमधल्या डार्टफर्डला व्हॉक्सवाल्या टॉम जेनिंग्जचा वाद्यांचा धंदा होता. महायुद्धाच्या काळात ओळख झालेल्या डिक डेनीनं त्याच्यासाठी एसी १५ तयार केला, तो १९५८मध्ये बाजारात आला. क्लिफ रिचर्डबरोबर वाजवणाऱ्या ‘शॅडोज’ला तो दिला, पण पोरींच्या किंकाळ्यांपुढे पंधरा वॅट कुणाला ऐकू जाणार? मग दोनाऐवजी चार इएल ८४ व्हॉल्व्ह, एकाऐवजी दोन निळे सेलेस्टियन, आणि १९५९च्या सुमाराला एसी ३० जन्माला आला. (हे १९५९ मात्र खरोखरचं साल. गोंधळू नका.) आवाज अजून टोकदार हवा म्हणून काहींनी तक्रार केली, तेव्हा मागच्या पत्र्याला भोक पाडून ‘टॉप बूस्ट’ नावाचं जादा सर्किट बसवून द्यायला लागले. नंतर ते पुढच्या मॉडेलांत आत, वरच्या पट्टीत घेतलं गेलं. आज बुवा कुणाचा एसी ३० बघायला गेला की आधी ते मागचं भोक शोधतो. सापडलं तर त्याचे डोळे पाणावतात.

या पंथाचे दोन बुवा एकत्र आले तर बघावं. ‘एसी ३० हा क्लास ए अ‍ॅम्प आहे’ एवढं एक म्हणाला की दुसरा कप खाली ठेवतो. जाहिरातीत तसं लिहिलेलं असलं तरी पूर्ण आवाजात तो एबी क्लासमध्येच जातो, हे तो कागदावर आलेख काढून सिद्ध करतो. पहिला आलेख मान्य करतो, निष्कर्ष मान्य करत नाही. एकदा असे दोघं माझ्या समोर कागदाची दोन्ही टोकं धरून बसले होते, शेवटी कागद फाटला. हायवॉटचा विषय निघाला तेव्हा कुठे दोघांत समेट झाला. डेव्ह रीव्हजच्या त्या अ‍ॅम्पांच्या आतली वायरिंग हॅरी जॉइसच्या हाताखाली अशी काटकोनात व्हायची, की झाकण उघडून नुसतं बघत बसावं. दोघंही बसले. बराच वेळ.

मग बुवा वाजवतो कधी, हा प्रश्न रास्त आहे. शंभर वॅटचा अ‍ॅम्प इंग्लंडातल्या जोडघरात वाजवता येत नाही. भिंतीपलीकडे माणसं राहतात. तरी दर रविवारी सकाळी विधी होतो. आधी एक बटण दाबून व्हॉल्व्ह तापू द्यायचे. ते नारिंगी झाले की ‘स्टँडबाय’चं दुसरं. मग दोन्ही चॅनेल जोडणारी वीतभर वायर पुढच्या चार भोकांपैकी दोहोंत खोचायची. आवाजाचं बटण दीडवर. त्यानंतर बुवा एक ‘ए’ कॉर्ड छेडतो, डोळे मिटतो आणि ती पूर्ण विरेपर्यंत ऐकतो. पुन्हा तीच कॉर्ड. दुसरी कॉर्ड वाजल्याचं मला तरी आठवत नाही.

त्याच्यावर कुरघोडी करण्याचा मी एकदा प्रयत्न केला. ब्रायन मे एसी ३० कसे ओळीनं लावतो, हे तो रंगवून सांगत होता. मी म्हटलं, त्याच ‘क्वीन’चा फ्रेडी मर्क्युरी आमच्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, पहिला बँडही त्यानं तिथंच काढला. बुवा क्षणभर थांबला. ‘तो गायचा ना?’ म्हणाला. ‘गायकाला अ‍ॅम्प लागत नाही.’ संपलं पाचगणी.

आमच्या घराण्याला त्यानं मान दिला तो एकदाच. मिरजेला आजोबांचा मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ होता आणि इएल ८४ व्हॉल्व्ह आमच्याकडे बंगळुरूला भारत इलेक्ट्रॉनिक्सही बनवायची, असं मी बोलून गेलो. बुवा खुर्चीत पुढे सरकला. ‘कुठाय तो रेडिओ?’ भंगारवाल्याला दिला, मी म्हटलं. ‘आणि त्यातले व्हॉल्व्ह?’ रेडिओबरोबरच गेले. त्यानं चहा निम्मा ठेवला आणि उठून गेला. त्याच्या बायकोनं दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं, की घरात काही वाईट बातमी आली आहे का.

माझं मत विचाराल तर हा माणूस निरुपद्रवी आहे, आणि त्याच्यामुळेच ही खोकी आजही वाजती आहेत. भागांची अदलाबदल, बदललेले कपॅसिटर, हरवलेली पाटी, कुणी कधी काय बसवलं, हे त्याच्या वह्यांत लिहिलेलं असतं. कारखानदारांनी नोंदी कधी नीट ठेवल्या नाहीत. त्यांना विकायची घाई होती.

तुमची गाठ पडलीच तर दोन गोष्टी पाळा. मॉडेलच्या आकड्यावरून वय काढू नका. आणि तो चहा करायला आत गेला असताना उघड्या अ‍ॅम्पमध्ये बोट घालू नका. प्लग काढलेला असला तरी आतले कपॅसिटर चारशेच्या वर व्होल्ट धरून बसलेले असू शकतात.