तिशी, कापूस आणि सहा खिसे

तिशी ओलांडलेल्या खापर गावच्या माणसाने रोजच्या वापराचे चार कपडे नव्याने घ्यायचे म्हटले, तर फॅशन त्याच्यापुढे दोनच वाटा ठेवते: श्वास कोंडणारी लायक्रा पँट, नाहीतर दोघे मावतील असा ओव्हरसाइज टी-शर्ट. खांद्याची शिवण कोपराच्या भेटीला निघालेली. पूर्वी असा शर्ट थोरल्या भावाकडून फुकट मिळायचा. आता त्यालाच ‘ड्रॉप शोल्डर’ म्हणून पैसे मोजायचे.

या शर्टाखाली हवी कार्गो पँट. तिचे मोठे खिसे १९३८च्या सुमारास ब्रिटिश सैन्याच्या गणवेशात आले, नकाशे आणि मलमपट्टी ठेवायला. आपल्या सहा खिशांपैकी पाच रिकामे आणि सहाव्यात मोबाइल.

खरी गंमत कापडाची. अक्कलकुवा तालुक्यातले आमचे खापर अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर, गुजरातच्या वेशीशी. खानदेशात कापूस पिकतो, गाड्या भरून बाहेर जातो. आणि पलीकडच्या सुरतेहून पॉलिस्टर येते. म्हणजे खनिज तेलापासून काढलेला धागा, चाळीस अंशांच्या उन्हात, कापूस पिकवणाऱ्याच्याच अंगावर! याला म्हणे बाजारपेठेची प्रगती.

तेव्हा पस्तिशीतल्या सज्जनांनी सरळ सुती कापड घ्यावे, शिंप्याकडे जावे आणि माप देताना पोट आत ओढू नये. शिवणीत थोडे जास्तीचे कापडही ठेवायला सांगावे. ट्रेंड वर्षभरात ओसरतो. पोटाला तशी सवय नाही.