पश्चात परिवार

ज्या घरी माणूस गेलेलं असतं तिथे पहिला फोन डॉक्टरांना जातो, दुसरा वैकुंठावर, आणि तिसरा फोन वंशावळकाकांचा येतो. सांत्वन दोन वाक्यांत उरकतं. मग आवाज जरा खाली आणून विचारतात, "पेपरचा मजकूर गेला का रे? नाही ना? थांब. 'सुना, जावई, नातवंडे असा परिवार' असलं मोघम काही देऊ नकोस. नावं घाल. वहिनींचं माहेरचं आडनाव घाल. उद्या कुणी शोधायला बसलं तर त्याने करायचं काय?" समोरचा बिचारा बापाच्या उशाशी उभा असतो. तरीही तो कागद-पेन शोधतो, कारण काकांना सगळी आतेभावंडं पाठ आहेत आणि त्याला दोन आठवत नसतात.

चार पिढ्या ओलांडलेल्या प्रत्येक मराठी घराण्यात असा एक काका असतो. नोकरी बहुधा बँकेची किंवा वीज मंडळाची, आणि निवृत्तीनंतर कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचं काम गळ्यात पडलेलं, कारण कुलमंडळाच्या त्या बैठकीला हजर राहिलेले तेवढेच एक. जुन्या आवृत्तीत काही नावांपुढे 'पुढील माहिती उपलब्ध नाही' असं छापलेलं असतं. हे वाक्य काका वैयक्तिक अपमान समजतात. नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्या त्यांनी केव्हाच पालथ्या घातल्या. तिथे पूर्वजांच्या सह्या सापडतात, पण जावई सापडत नाहीत. जावयांसाठी निधनवार्ताच हवी.

म्हणून काका जुन्या फायलींच्या ग्रंथालयात जाऊन बसतात. पिशवीत भिंग, शिसपेन्सिल आणि मेतकूट-भाताचा डबा. 1849 साली सुरू होऊन 1951 साली बंद पडलेला 'ज्ञानप्रकाश' त्यांच्या बोलण्यात अजून रोज सकाळी येतो. जुन्या पत्रांविषयी त्यांची तक्रार एकच : तिथे साधा माणूस मरतच नाही. रावबहादूर मरतात, शास्त्री मरतात, फार तर एखादा नामांकित वकील. प्लेगच्या काळात तर माणसाचा नुसता आकडा होतो, आणि आकड्याला गोत्र नसतं. पुढे 1932 साली 'सकाळ' आला, गावातल्या बातम्यांना जागा मिळाली आणि सदाशिव पेठेतला सामान्य इसमही हळूहळू छापून मरू लागला. मराठी पत्रकारितेतली खरी क्रांती ती हीच, असं काका सांगतात. अग्रलेख त्यांनी एकही वाचलेला नाही.

अडचण वेगळीच आहे. घराण्याला मेलेल्यांची तिथी पाठ असते, साल कुणालाच नाही. "पणजोबांचं श्राद्ध कार्तिक वद्य पंचमीला," एवढं आत्या ठामपणे सांगते. कोणत्या सालची पंचमी विचारलं, तर म्हणते, "पंचमी ती पंचमी." मग काका जुनी पंचांगं जमवतात, शकात 78 मिळवतात, एकेका कार्तिकाची इंग्रजी तारीख काढतात आणि पुढच्या आठवड्याभराचे अंक चाळतात. कागद पिवळा पडून इतका ठिसूळ झालेला असतो की पान उलटताना आडनाव हातात राहतं आणि नाव टेबलावर सांडतं. ग्रंथपाल लांबून बघतो. काका तुकडे जोडतात.

वाचायचं कसं हे त्यांच्याकडूनच शिकावं. 'मनमिळाऊ' म्हणजे घरात त्यांचं काही चालत नव्हतं. 'परखड' म्हणजे दुसऱ्या कुणाचं चालत नव्हतं. 'व्यासंगी' म्हणजे नोकरी नव्हती. आजाराच्या कॉलमात ते फारसे रमत नाहीत, त्यांची नजर थेट 'पश्चात'वर. तीन मुलगे माहीत असताना दोनच छापले असतील तर काकांचे डोळे चमकतात. तिसरा कुठे गेला? दत्तक गेला, पळून गेला, की नको त्या मुलीशी लग्न केलं? दत्तक गेला असेल तर आडनाव बदलून दुसऱ्याच कुणाच्या 'पश्चात'मध्ये निघायला हवा, म्हणून तिकडची फाईल. कोर्टात न गेलेली कितीतरी भांडणं या चार ओळींत निकाली निघालेली असतात, असं त्यांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं.

बायकांपाशी मात्र काका खरोखर हतबल होतात. बाई गेली तर बातमी असते अमक्या वकिलांच्या मातोश्री वारल्याची. नाव नाही. नाव असलंच तर ते सासरचं. माहेरचं लग्नातच तांदळांत पुसलेलं. आपल्या आजीच्या थोरल्या बहिणीसाठी काकांनी जंग जंग पछाडलं. तिचा नवरा, दीर, मुलगे, मुलांच्या पदव्या सगळं मिळालं. वंशावळीत तिच्या चौकोनात अजून 'मातोश्री' एवढंच आहे. या विषयावर ते विनोद करत नाहीत.

घराण्यात त्यांची लोकप्रियता बेताचीच. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या समजूत होती की खापरपणजोबा पेशव्यांच्या फडावर मोठे अधिकारी होते. काकांनी त्यांच्या मुलाची निधनवार्ता शोधून काढली. त्यात वडिलांचा उल्लेख होता : मुनसफ कोर्टातले कारकून. म्हणजे राज्य तर इंग्रजांचं, आणि पदही हे असं. सध्या अमेरिकेतली एक चुलतबहीण काकांशी बोलत नाही. तिने पोरांना तलवार दाखवून ठेवली होती.

काकूंची हरकत अधिक व्यावहारिक आहे. सात पिढ्यांच्या आतलं कुणी गेलं तर दहा दिवस सुतक, त्यापलीकडच्या भाऊबंदांचं तीन दिवस. बातमी वर्ष उलटून गेल्यावर कळली तर नुसत्या स्नानावर भागतं. त्यामुळे काका ग्रंथालयातून आले की काकू दारातच विचारतात, "आज कोणी सापडलं?" सापडलं असेल तर आधी न्हाणीघर, मग चहा. ब्रिटिश अमदानीत गेलेल्या माणसाचं स्नान भर जानेवारीत करताना मी काकांना पाहिलं आहे.

पण हे झालं मेलेल्यांचं. परवा काकांना बडोद्याच्या एका जुन्या निधनवार्तेतून अख्खी शाखा मिळाली. पाचव्या पिढीत फुटलेली, गायकवाडांच्या नोकरीत गेलेली, आणि मुख्य म्हणजे जिवंत! फोन लागला, गोत्र जुळलं, कुलस्वामिनी जुळली. काकांचा आवाज कापत होता. तिकडचे सर्वांत वडीलधारे ब्याण्णव वर्षांचे, आठवडाभर दवाखान्यात.

काकूंनी पोळी तव्यावरच ठेवली. "ब्याण्णव? दवाखान्यात? अहो, गणपती पंधरा दिवसांवर आलेत. मखर आणलंय, गुरुजींना सांगून झालंय. आत्ता कसले भाऊबंद काढता?"

"अगं, नातं आहे ते आहेच. मी शोधलं नसतं तरी होतंच."

"शोधलं नव्हतंत तोवर सुतक नव्हतं."

धर्मशास्त्राच्या दृष्टीने मुद्दा बिनतोड होता की नाही कोण जाणे. काकांनी वाद घातला नाही. बडोद्याची शाखा त्यांनी मोठ्या तक्त्यावर पेन्सिलीने काढून ठेवली आहे. शाई अनंत चतुर्दशीनंतर.