रंकाळ्याकाठी चित्रस्थळ-निश्चितीची शास्त्रोक्त पद्धती

निसर्गचित्रणात प्रत्यक्ष रंगकाम हे दुय्यम अंग असून, चित्रकारांच्या बोलीत ज्याला ‘स्पॉट बघणे’ म्हणतात ते चित्रस्थळ-निश्चितीचे कार्य हेच प्रधान अंग होय, ही गोष्ट कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर रविवारी काखेत बोर्ड आणि हातात पाण्याची बाटली घेऊन फेऱ्या मारणाऱ्या कोणत्याही साधकाच्या कोऱ्या कागदावरून सिद्ध होते.

प्रथम परंपरेचा विचार करावा. चित्रकार आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी कोटितीर्थ आणि रंकाळा या तलावांचा परिसर आपल्या निसर्गचित्रांत असा काही मुरवून ठेवला आहे की, येथील चांगली जागा आधीच कोणाच्या तरी नजरेखालून गेलेली असणार, हे गृहीत धरणे इष्ट. कठड्याच्या दगडावर ब्रश पुसल्याचे निळे-तपकिरी फराटे आढळल्यास ते पूर्वसूरींचे शिलालेख समजावेत आणि नवी जागा शोधल्याचे जाहीर करून मुकाट्याने तेथेच बैठक मारावी.

मात्र बैठक मारण्यातच या शास्त्रातील सर्वांत मोठा धोका दडलेला आहे. क्षितिजरेषा ही नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असते; त्यामुळे उभ्याने पसंत केलेले पाणी, डोळा खाली उतरताच कठड्याआड जाते आणि तासभर शोधलेल्या दृश्यात दगडांची एक रांग व वर थोडे आकाश एवढेच शिल्लक राहते. यास्तव स्थळाची पाहणी दर दहा पावलांवर खाली बसून, पुठ्ठ्याच्या ‘खिडकी’तून, म्हणजे जुन्या लग्नपत्रिकेत मधोमध कापलेल्या आयताकृती भोकातून, एक डोळा मिटून करावी. या उठाबशांमुळे सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत साधकाविषयी आदर निर्माण होतो, हा जादा लाभ.

प्रकाशाचे गणित तुलनेने सोपे, म्हणजे सर्वथा प्रतिकूल आहे. गावाकडच्या काठावरून पश्चिमेला पाहिल्यास सकाळी ऊन पाठीशी असते, छाया वस्तूंच्या मागे दडतात आणि चित्र सपाट होते; संध्याकाळी सूर्य समोर येऊन पाणी चांदीसारखे चमकते, पण डोळे दिपल्याने रंगांचा अंदाज चुकतो; दुपारी ब्रश पुन्हा पाण्यात बुडवेपर्यंत कागदावरचा वॉश, अर्थात पातळ रंगाचा सपाट थर, वाळून जातो. शिवाय सूर्य तासाला १५ अंश सरकत असल्याने मनाजोगती सावली नक्की करून पेन्सिलीला टोक काढेपर्यंत ती शेजारच्या झाडाची झालेली असते.

विषय म्हणून पाण्यात उभा असलेला संध्यामठ सर्वोत्तम ठरतो, कारण पाण्याच्या चढउतारानुसार तो कमी-अधिक दिसतो आणि जो भाग काढता आला नाही तो बुडालेला होता असे सांगता येते. गडद वस्तूचे प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा किंचित उजळ आणि उजळ वस्तूचे किंचित गडद दिसते, हा नियम ज्यांना साधत नाही त्यांनी केंदाळ माजलेला काठ निवडावा, म्हणजे प्रतिबिंबाचा प्रश्नच निकालात निघतो.

शेवटचा विचार प्रेक्षकांचा. त्यांतील मुका प्रेक्षक निरुपद्रवी असतो, “ह्ये काय काढायलाईस?” असे विचारणारा संध्यामठाकडे बोट दाखवूनही समाधान पावत नाही, “आमच्या मामाचं पोरगं बी लई भारी काढतंय” म्हणणारा मात्र शेजारी टेकतो आणि त्या पोराचे मोबाईलमधले चित्र सापडेपर्यंत उठत नाही. यावर पाठीशी भिंत किंवा झाडाचे जाड खोड असलेली जागा हाच जाणत्यांनी मान्य केलेला उपाय होय. परंतु अशी जागा सापडते तेव्हा तिथे भेळेची गाडी लागलेली असते, सूर्य पश्चिम काठावरच्या शालिनी पॅलेसच्या मागे गेलेला असतो आणि मांडीवरच्या कोऱ्या कागदावर चिंचेच्या चटणीचा थेंब पडतो. त्या थेंबाखाली स्थळ, दिनांक व वेळ पेन्सिलीने नोंदवून ठेवावी.